डावा घोडा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी हे क्लेमंट थर्टलच्या तोंडून ऐकलंय, आणि हा माणूस खोटं बोलत नाही.

आयुष्यात एकदाच खोटं बोलला. मागच्या नोव्हेंबरात, इंग्लंडात नॉरफोकच्या किनाऱ्यावर, हेस्टर लारवुडच्या स्वयंपाकघरात. भर दुपारी.

क्लेमंट जुन्या बंदुका पारखून त्यांची किंमत ठरवतो. म्हाताऱ्या हेस्टरला घरातली बंदूक एकदाची घालवायची होती.

बाहेर दाट धुकं. दलदल दिसत नव्हती. नुसता ओहोटीचा चुबुकचुबुक आवाज.

"तुझा बाप चहा निवायच्या आत किंमत सांगून मोकळा व्हायचा," हेस्टर म्हणाली.

"म्हणूनच तर कायम फसायचा!" क्लेमंट हसला.

बंदूक दुनळी होती. मागे दोन घोडे, अंगठ्याने चढवायचे; चाप ओढला की ते काडतुसावर पडतात आणि बार उडतो. आत काडतूस नव्हतं. नळ्यांवर पोलाद पिळल्याची नागमोडी नक्षी. त्याने नळ्या सोडवल्या, खालचे शिक्के भिंगातून पाहिले. बर्मिंगहॅमची, शंभरीच्या पुढची. नळ्या दोरीला टांगून टिचकी मारली. घंटेसारख्या घुमल्या. म्हणजे सांधे शाबूत.

"चारशे पौंड तरी येतील."

"पैशाचं राहू दे." हेस्टरचा आवाज बदलला. "ही आमच्या विल्फची."

विल्फ तिचा धाकटा भाऊ. ऐन तारुण्यात बदकं मारायला दलदलीत गेला, तो परत आला फळीवरून. डाव्या नळीतलं काडतूस उडालेलं, उजवीतलं तसंच. गाव म्हणालं, त्यानेच स्वतःवर चाप ओढला. बापाने पुन्हा कधी त्याचं नाव घेतलं नाही.

"खरं सांग, क्लेमंट. आपोआप उडाली असेल का रे?"

क्लेमंटने नळ्या परत बसवल्या. हेस्टर पाठ करून उभी राहिली. तिला बघवेना.

त्याने उजवा घोडा चढवला, दस्ता फरशीवर आपटला...

खट्ट!

घोडा पडला. पार झिजलेला.

मग डावा चढवला. आपटला. पुन्हा आपटला.

हलला नाही.

जरासुद्धा नाही.

"पडला ना? मी ऐकलं!" हेस्टरने मागे न वळताच विचारलं. "डावाच ना?"

क्लेमंटने तिच्या थरथरत्या खांद्यांकडे पाहिलं. हळूच डावा घोडा उतरवला. बंदूक टेबलावर ठेवली.

"डावाच," तो म्हणाला. "धक्क्याने उडाली असणार. विल्फने काही केलं नाही."

हेस्टर मटकन खाली बसली. ॲप्रनमध्ये तोंड खुपसून रडायला लागली.

आणि टेबलावर...

कट्ट.

डावा घोडा वर चढला होता.

क्लेमंटने तो पुन्हा उतरवला. घाईघाईने नळ्या सोडवून बाजूला ठेवल्या.

"कसला आवाज झाला रे?"

"जुनी स्प्रिंग आहे, हेस्टर. दुसरं काय!"

"मग रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगते. विल्फ निर्दोष होता म्हणून. सांगू ना?"

"सांगा की."

टेबलावर घोड्यांसकट नुसता दस्ता पडला होता. कुणाचा हात नाही, काही नाही. आणि क्लेमंटच्या डोळ्यांदेखत तो घोडा हळू... हळू... मागे गेला.

कुणीतरी अंगठ्याने ओढावा तसा.

खोलीत चिखलाचा वास भरला. क्लेमंटने कशीबशी बंदूक जोडली आणि चहा तसाच टाकून निघाला.

हेस्टरने बंदूक विकलीच नाही. कपाटात कुलूपबंद ठेवली.

परवा ती क्लेमंटला बाजारात भेटली. चेहरा कसा उजळलेला.

"आता झोप लागते रे मला! फक्त रोज सकाळी कपाट उघडलं की डावा घोडा वर असतो. स्प्रिंग जुनी ना, तू म्हणालास तशी. मी आपली उतरवून ठेवते." मग ती हसली. "काल तर नळीत काडतूस! कुठून आलं, देव जाणे. मी फेकून दिलं."

"मग?"

"आज पुन्हा होतं."

क्लेमंटने हे सांगितलं, तेव्हा मी त्याच्यावर भडकलोच. "अरे, जा आणि म्हातारीला खरं काय ते सांग!"

त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"दोनदा गेलो तिच्या दारापर्यंत," तो म्हणाला. "पण माझ्या खोट्याने तो घोडा चढलाय. मी खरं बोललो... आणि तो काडतुसावर पडला तर?"