माइक तपासताना

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन स्टेशनच्या तळघरातल्या सायकल स्टँडवर मी त्याला आधी ऐकलं, मग पाहिलं. बाहेर सकाळपासून बारीक, आडवा पाऊस होता. दोन रांगांपलीकडे कुणीतरी अडकलेल्या कुलपाला मराठीत समजावत होतं – "उघड बाबा, गाडी जाईल माझी."

माझा हात हँडलवरच थांबला. हा आवाज मी अकरा महिने रोज ऐकत होते.

माझं काम ध्वनिमुद्रणं स्वच्छ करण्याचं. कंबोडियाच्या उत्तरेकडे, जंगलातल्या पडक्या ख्मेर देवळांच्या आसपास कुई लोकांची गावं आहेत. आमच्या प्रकल्पातल्या गावात मुलं कुई भाषा आता बोलत नाहीत, म्हणून म्हाताऱ्या माणसांकडून ती नोंदवून घेतात. फाइलवर फक्त क्रमांक असतो, नोंदवणाऱ्याचं नाव नसतं. सुरुवातीला तो माइक तपासायला काहीबाही बोलतो. तेवढा तुकडा कापून पुसून टाकायचा, असा नियम.

हा माणूस मराठीत बोलायचा. तिथे कुणाला कळणार, आणि इथे तरी कुणाला... "पूर्णिमा, गुडघा परत सुजलाय. आज गाभाऱ्यात गेलो. पिंडी नाहीच, नुसती शाळुंका, पावसाच्या पाण्यानं भरलेली. तू असतीस तर..."

पूर्णिमा त्याची बायको. ती दोन वर्षांपूर्वी गेली, हेही मला त्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटांतूनच कळलं. मी तुकडे कापले. पुसले मात्र नाहीत.

मी पुढे झाले आणि म्हटलं, कुलपात दोन थेंब तेल सोडा, माझ्याकडे आहे. मराठी ऐकून तो दचकला, मग हसला. कुलूप उघडलं तोवर त्याची गाडी गेली होती.

"आता कॉफी तुमच्या माथी," तो म्हणाला.

त्याचं नाव मल्हार. सहा आठवडे अहवाल लिहायचा आणि तीन वर्षांसाठी परत कंबोडियाला जायचं. मी विद्यापीठात 'आवाजावर काम' करते, एवढंच त्याला सांगितलं. तिसऱ्या भेटीत तो 'तू' म्हणू लागला. कालव्याकाठी एका छत्रीत चालताना त्याचा डावा खांदा भिजायचा, माझा नाही. तू इतकं कमी बोलतेस की मला माझाच कंटाळा येतो, असं चिडवायचा. तिथल्या एका कुई आजीबद्दल सांगायचा – ती बोलता बोलता सुपारी कातरते, आणि अडकित्त्याचा आवाज शब्दांच्या मध्ये येतो. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकायची. प्रत्येक भेटीनंतर खरं सांगणं आणखी अवघड व्हायचं.

पाचव्या आठवड्यात जुन्या मनोऱ्याचा जिना उतरताना माझ्या तोंडून गेलं, "गुडघा सांभाळ."

तो पायरीवर थांबला. गुडघ्याबद्दल तो मला कधीच बोलला नव्हता.

मग मी सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "पूर्णिमाचंही?" मी मान हलवली. तो पुढे उतरून गेला. त्यानंतर आठवडाभर मी निरोप पाठवत राहिले, उत्तर नव्हतं. जाण्याच्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला – फक्त गाडीची वेळ.

फलाटावर मी लॅपटॉप घेऊनच गेले.

"किती आहेत?"

"एकशे चौदा."

"पूस."

त्याच्यासमोर मी सगळे तुकडे पुसले, कुठे प्रत उरली नाही ना तेही पाहिलं. पुसायला वेळ लागला नाही. मी लॅपटॉप मिटला.

"त्या बोलणाऱ्या माणसावर माझा जीव जडला," मी म्हटलं. "तू नंतर भेटलास. नियम मी त्याच्यासाठी मोडला. चूक माझी आहे, मल्हार, पण... हे खोटं नाही."

तो रुळांवरच्या पावसाकडे बघत होता. "ते तुझ्यासाठी नव्हतं, इरावती."

"माहीत आहे."

गाडीला नऊ मिनिटं होती. वाटलं, आता तो पुढे जाऊन उभा राहील. त्याने बॅग खाली ठेवली आणि बाकावर माझ्या शेजारी बसला. मग त्याने घसा साफ केला.

"पूर्णिमाला ना," तो म्हणाला, "पाऊस अजिबात आवडायचा नाही."

हे मला ठाऊक होतं. पण या वेळी तो मला सांगत होता.