गार पावलं

दुपारची ओपीडी रिकामी झाली होती. मुलांची डॉक्टरीणबाई डबा उघडणार, तोच 'ब्लडप्रेशर जास्त, डॉक्टरांना दाखवा' अशी शाळेची चिठ्ठी घेऊन, भाचीचा हात धरून एक उंच तरुण दारात उभा. "ताईला रजा नाही, म्हणून मामाची नेमणूक झालीये," तो हसून म्हणाला. ते हसणं बाईंना जरा जास्तच आवडलं.

भाचीला घरी भिंगरी म्हणत. तोंड एक मिनिट बंद नाही. दंडाला पट्टा बांधला, मशीन घुरघुरलं आणि आकडा आला भलताच वर. पट्टा लहान पडला असेल म्हणून बाईंनी मोठा बांधला, पोरीला शांत बसवलं. पुन्हा तेच.

"घाबरली असेल," मामा म्हणाला.

घाबरली कुठली! ती खिडकीतल्या मांजराशी गप्पा मारत होती. बाईंनी तिच्या पावलावर बोटं टेकवली आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाऊल गारठलेलं. नाडी लागेना. दुसऱ्या पावलाचीही नाही. वर पोरगी खुदुखुदु हसतेय, आणि खाली... अशी पावलं त्यांनी वॉर्डात पाहिली होती, पण ती चादर ओढून झाकलेल्या माणसांची.

"झोपेत हिचा पाय लागला की ताई दचकून उठते," मामा हळूच म्हणाला.

बाईंनी मांडीला पट्टा बांधला. तिथलं प्रेशर दंडापेक्षा कितीतरी कमी. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी वाटेत अरुंद असावी, ऑपरेशन लागेल, असं त्यांनी सांगितलं. मामा भडकला. हसत्याखेळत्या पोरीला आजारी ठरवता, म्हणत तिला उचलून तरातरा निघून गेला. फाटकापर्यंत जाऊन परतला मात्र.

निदान खरं निघालं. ऑपरेशनच्या दिवशी काम संपूनही बाई मामाच्या शेजारी बाकावर बसून राहिल्या. ताई औषधांच्या धावपळीत होती. शुद्धीवर येताच भिंगरी कुजबुजली, "मामा... माझ्या पायात कुणीतरी टकटक करतंय."

मामा पांढराफटक पडला. बाईंनी त्याची बोटं धरून तिच्या पावलावर ठेवली. तो लहान मुलासारखा रडला.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी परत का फिरलात?"

"तुमचे हात थरथरत होते. परक्या पोरीसाठी इतकं कोण घाबरतं?" तो अडखळला. "आता प्रेशर बघायला ताईच आणेल तिला. मला यायला काही कारणच उरलं नाही..."

बाईंनी मान खाली घातली. "कारण कशाला हवं? नुसते या. मी वाट बघेन."