धीरांक

"प्रश्नच चुकीचा विचारला, की उत्तर बरोबर येणार कुठून?" डॉ. रत्नाकर टिल्लू फळ्याकडे पाठ करून म्हणाले. "चाळीस वर्षं हे शहर विचारतंय, गर्दी कमी कशी करायची? ती होत नाही. पूल बांधा, मेट्रो आणा, रस्ता रुंद करा. जागा झाली की तेवढ्याच नव्या गाड्या येतात. थांबावं लागणारच. प्रश्न एवढाच, की कोणी थांबायचं."

पुण्याच्या गतिशास्त्र केंद्रातल्या त्या प्रयोगशाळेत श्रोता एकच होता, पण टिल्लू एका माणसाशीही सभेत बोलावं तसंच बोलत. श्रोता म्हणजे डॉ. यास्मिन बागवान. मज्जाशास्त्रात तिचं नाव होतं, आणि टिल्लूंचं बोलणं मध्येच तोडायची हिंमत असलेली केंद्रातली ती एकटीच होती.

"म्हणजे काहींना पुढे सोडायचं आणि काहींना अडकवून ठेवायचं."

"आत्ताही तेच होतं. फक्त कोण अडकणार ते नशीब ठरवतं. असं बघ, दोन माणसं एकाच सिग्नलला दहा मिनिटं थांबली. एकाचं डोकं फुटायची वेळ आली, दुसरा गाणं गुणगुणत बसला. मिनिटं सारखी, त्रास सारखा नाही. मग दोघांची मिनिटं त्या गुणगुणणाऱ्यालाच का देऊ नयेत? एकूण थांबणं तेवढंच राहील. एकूण त्रास निम्मा होईल."

"आणि कोण गुणगुणतंय, हे गाडीला कसं कळणार?"

"म्हणून तर तुला बोलावलं."

यास्मिनला कल्पना आवडली, हे खरं. तिनं वर्षभरात स्पंदवेधक तयार केला. सीटच्या कापडाखाली बसणारी ही पातळ पट्टी माणसाची नाडी, श्वास आणि आवाजाचा चढउतार टिपायची आणि त्यावरून शून्य ते शंभरमधला एक आकडा काढायची. टिल्लूंनी त्याचं नाव ठेवलं धीरांक. आकडा मोठा, तर माणूस शांत. शहरातल्या गाड्या तोवर स्वयंचालित झाल्याच होत्या, त्यांचा वेग आणि सिग्नल एकच मध्यवर्ती संगणक सांभाळायचा. त्याला आता एवढंच शिकवायचं होतं, की धीरांक मोठा असलेल्या गाडीनं थांबायचं आणि लहान असलेल्या गाडीला वाट द्यायची.

"गाडीत चौघं असले तर?" यास्मिननं विचारलं.

"सरासरी."

"सीटवर माणूस आहे की सामान, ते वजनावरून नाही कळणार. लोक तांदळाचं पोतं पट्टा लावून बसवतात."

"नाडी आहे तो माणूस. नाडी नाही ते सामान, ते सरासरीत धरायचं नाही. सोपं आहे," टिल्लू म्हणाले आणि त्यांनी फळा पुसला.

योजना सुरू झाली. गाडीत सुरुवातीला एक तांबडं बटण होतं, आत रुग्ण आहे हे संगणकाला कळवण्यासाठी. पहिल्याच सोमवारी सकाळी निम्म्या शहराला हृदयविकार झाला. हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्यांत तर निरोगी माणूस औषधालाही सापडेना. टिल्लूंनी आठवड्याच्या आत ते बटण काढून टाकलं. रुग्णासाठी रुग्णवाहिका आहे, तिला सगळे रस्ते मोकळे. खासगी गाडीनं रुग्णाचं सोंग आणायचं नाही. मग मंत्र्यांच्या स्वीय सहायकांचे फोन यायला लागले, साहेबांच्या गाडीचं तेवढं बघा. टिल्लूंनी त्यावरही उपाय केला. धीरांक हातानं बदलायची सोयच प्रणालीतून कायमची उडवली. आता खुद्द त्यांनाही तो बदलता येणार नव्हता. वर्तमानपत्रांनी या सचोटीचं कौतुक केलं, आणि ते चुकीचं होतं असं कोण म्हणेल?

सहा महिन्यांत शहराचा एकूण त्रास खरोखरच चाळीस टक्क्यांनी उतरला. टिल्लूंनी तो आकडा चौकटीत घालून भिंतीवर लावला.

मग लोकांच्या लक्षात आलं. पुणेकराला नियम समजायला वेळ लागतो, नियमातली फट समजायला लागत नाही. निघण्यापूर्वी लोक मुद्दाम भावकीतल्या माणसाला फोन करून जमिनीचा विषय काढू लागले. नवरा-बायको गाडीत बसल्याबरोबर लग्नातल्या मानपानापासून सुरुवात करत. कोथरूडात दोन ठिकाणी संतापवर्ग निघाले, तिथं फी भरून लोक चिडायला शिकत. पूर्वी रस्त्यावर अडकून डोकं फिरायचं, आता डोकं फिरवून घेतल्याशिवाय रस्ता मिळेना. शहराचा सरासरी धीरांक घसरत बाराच्या घरात आला.

एक दिवस यास्मिन टिल्लूंच्या खोलीत आली आणि खुर्चीत बसलीच नाही.

"सर, लोक निघण्यापूर्वी तान्ह्या मुलांना दूध देत नाहीत. भुकेलं मूल रडतं, गाडीची सरासरी उतरते. ज्यांना मूल नाही ते भाड्यानं आणतात. काल मी एक मूल पाहिलं, मांडीवर चिमट्यांचे डाग होते. माझ्या यंत्रासाठी काढलेले चिमटे, सर."

"अशा गाड्या किती?"

"काय?"

"किती गाड्या? एकूण आकड्यात अजून दिसत नाही ते."

यास्मिनला त्या क्षणी त्यांचा तिरस्कार वाटला, आणि स्वतःचाही.

ज्यांना चिडता येत नव्हतं ते रस्त्यावरच राहू लागले. म्हातारे, ध्यानधारणा करणारे, नैराश्यावरच्या गोळ्या घेणारे, आणि दिवसभराच्या कामानं इतके थकलेले, की चिडायचंही त्राण नाही असे. साऱ्या शहराचं थांबणं त्यांच्या वाट्याला आलं. आणि त्यांच्यात शरयू होती, टिल्लूंची बायको. हडपसरच्या एका महाविद्यालयात ती ग्रंथपाल होती आणि घर बावधनला. सकाळी तीन तास, संध्याकाळी चार. टिल्लूंशी बत्तीस वर्षं संसार केलेल्या बाईचा धीरांक आणखी काय असणार?

"अहो, एक विचारू?" एकदा ती जेवायला वाढता वाढता म्हणाली. "रोज मीच का थांबायचं?"

"तुला त्रास होत नाही म्हणून."

"होतो की."

"यंत्रात दिसत नाही."

"मग नसेल होत," ती म्हणाली, आणि तिनं त्यांना आमटी वाढली. थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्यापुरतं काही करता नाही का येणार?"

"नियमाला बायको नसते, शरयू."

तीही मग एकदा संतापवर्गाला जाऊन आली. मास्तरांनी रीतीप्रमाणे तिला पहिल्याच दिवशी शिव्या घातल्या. त्यांना बोलता बोलता ठसका लागला, तेव्हा तिनं उठून त्यांना पाणी दिलं. मास्तरांनी तिची फी परत केली.

एका शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात तिला भोवळ आली. शेजारचे डॉ. खैरनार धावत आले. त्यांनी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, पुन्हा नाडी पाहिली.

"ठोके फार मंदावलेत. पस्तीसच्या आसपास. पेसमेकर लागेल. घाबरू नका टिल्लू, तासाभरात पोचल्या तर ठणठणीत होतील. पण तासाभरातच. रुग्णवाहिका बोलवा."

रुग्णवाहिका येरवड्याहून निघणार होती. तिला सगळे रस्ते मोकळे, हे टिल्लूंइतकं कोणाला माहीत होतं? पण अशा वेळी या शहरात प्रत्येक घर जे म्हणतं तेच तेही म्हणाले, "ती येऊन परत जाणार कधी? त्यापेक्षा आपली गाडी काढतो. शिवाजीनगर इथं तर आहे."

दोघांनी मिळून शरयूला मागच्या सीटवर निजवलं. खैरनार तिच्या उशाशी बसायला लागले, तर टिल्लूंनी त्यांचा दंड धरला.

"तुम्ही नको. तुम्ही शांत माणूस आहात, सरासरी वाढेल."

खैरनार खाली राहिले. गाडी निघाली.

चांदणी चौकात ती पहिल्यांदा थांबली. टिल्लू घाबरलेले होते, संतापलेले होते. त्यांचा धीरांक शून्यावर होता. पण मागे शरयूची नाडी मंद होती, श्वास संथ होता, आवाज खाली गेला होता, आणि स्पंदवेधकाच्या दृष्टीनं त्या सकाळी साऱ्या शहरात तिच्याइतकं समाधानी माणूस दुसरं नव्हतं. धीरांक शहाण्णव. गाडीची सरासरी अठ्ठेचाळीस. आसपासच्या गाड्या बाराच्या. डावीउजवीकडून त्या सुळसुळत पुढे निघाल्या, कुठल्याशा गाडीत एक मूल टाहो फोडत होतं, आणि टिल्लूंची गाडी सगळ्यांना वाट देत अदबीनं उभी राहिली.

त्यांनी यास्मिनला फोन लावला. ती केंद्रातच होती.

"यास्मिन, माझी गाडी सोडव. शरयूचं हृदय बंद पडतंय."

तिनं पडद्यावर गाडी शोधली. "सर, हातानं काहीच करता येत नाही. तुम्हीच..."

"माहितीये मला! रुग्णवाहिका?"

"तुमच्या घरी पोचतेय. तिला मागं वळवते, पण तुमच्या मागं गाड्या दाटल्यात, त्या बाजूला करून तुमच्यापर्यंत यायला वेळ लागेल." मग तिचा आवाज बदलला. "सर, त्यांना चिडवा. नाडी वाढली तर आकडा पडेल. दुसरा मार्ग नाही. काहीही बोला, पण त्यांना चिडवा."

टिल्लू मागे वळले. शरयूचे डोळे अर्धवट उघडे होते. त्यांनी तिला तिच्या स्वयंपाकावरून बोलून पाहिलं. मग माहेरावरून. मग तिच्या वडिलांनी शेवटच्या दिवसांत अंथरूण कसं घाण केलं होतं, त्यावरून. रडत रडत, ओरडत, सुचेल ते ते बोलत राहिले. तुझ्याशी लग्न करून मी आयुष्य फुकट घालवलं. तू एक ओझं आहेस. मूल झालं नाही ते तुझ्यामुळे, आणि मी लोकांना सांगतोही तसंच. लोकांना तसं सांगणं तेवढं खरं होतं, आणि ते त्यांनी आजवर तिच्यापासून लपवलं होतं.

शरयूनं ते ऐकलं. तिचे ओठ हलले.

"असू दे," ती म्हणाली. "तुम्ही नका त्रास करून घेऊ. थोडा उशीर होईल, एवढंच."

पडद्यावर आकडा अठ्ठेचाळीसचा एकोणपन्नास झाला.

"चीड ना गं!" टिल्लू किंचाळले. त्यांनी तिच्या दंडाला चिमटा काढला, जोरात, नख रुतेपर्यंत. "एकदा तरी चीड!"

आणि अचानक गाडी निघाली.

पुढची गाडी बाजूला झाली, तिच्या पुढची झाली, मग सबंध रांग दुभंगत गेली. सिग्नल हिरवा झाला, त्याच्या पलीकडचाही झाला. गाडीनं असा वेग घेतला, की टिल्लू सीटवर मागे आदळले. त्यांच्या योजनेनं त्यांना इतका रिकामा रस्ता कधी दाखवला नव्हता.

"साधलं! यास्मिन, साधलं!" ते आनंदानं ओरडले. "चिडलीस! अगं, चिडलीस की शेवटी! काय हवं ते बोल मला, पोचल्यावर बोल, आता पाच मिनिटांत पोचतो!"

यास्मिनसमोरच्या पडद्यावर होतं तेच गाडीच्याही पडद्यावर होतं, आणि टिल्लूंनी आनंदाच्या भरात फक्त पहिली ओळ वाचली होती. धीरांक शून्य. दुसऱ्या ओळीत प्रवाशांची संख्या होती. ती एक होती.