उरलेलं एक कुटुंब

मार्च संपताना पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात जे पडतं त्याला पाऊस म्हणावं की बर्फ, हे नेमकं सांगता येत नाही. त्या दुपारीही तसाच ओला भुगा पडत होता आणि कॅम्पसच्या बसच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. चारुताने मांडीवर लॅपटॉप उघडला होता, त्यावर किड्यांच्या जातींचा वंशवृक्ष होता. तिचा प्रोग्रॅम पुन्हा मध्येच थांबला होता... तीच लाल ओळ दाखवून.

"चाल ना रे मेल्या," ती पुटपुटली.

"ट्रीच्या सगळ्या फांद्या एका रेषेत संपतात का, ते बघा एकदा," कुणीतरी मराठीत म्हणालं.

चारुताने दचकून वर पाहिलं. वरचा दांडा धरून एक उंच मुलगा उभा होता. चष्म्यावर थेंब होते आणि चेहऱ्यावर आपण आगाऊपणा केला की काय, अशी शंका.

"म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे... या सगळ्या जाती आज जिवंत आहेत ना? मग मुळापासून प्रत्येकीपर्यंतचा काळ सारखाच हवा. तुमची ही एक फांदी जरा पुढे गेली आहे. म्हणून तो रुसलाय."

"तुम्हाला त्याचे रुसवे बरेच ठाऊक दिसतात."

"तेच काम आहे माझं," तो हसला. "ते सॉफ्टवेअर मी सांभाळतो."

त्याचं नाव गुरुनाथ. नागपूरचा. तिच्या बायोलॉजी विभागातल्याच एका लॅबमध्ये तो प्रोग्रॅमर होता. एका जुन्या जनुकाच्या प्रती होत होत जनुकांचं एक कुटुंब तयार होतं. कुठल्या जातीत ते वाढत जातं, कुठल्या जातीत आक्रसतं. ही वाढ-घट वंशवृक्षाच्या कोणत्या फांदीवर झाली, आणि ती नुसत्या योगायोगाने होण्यासारखी आहे का, हे त्याचं सॉफ्टवेअर गणिताने सांगायचं. तो बोलत होता, चारुता ऐकत होती आणि तिचा स्टॉप मागे पडला. ती भिजत परत चालत आली. संध्याकाळी फांदी सारखी केली, आणि प्रोग्रॅम निमूटपणे चालला.

मग बसमध्ये दोघं रोजच भेटू लागली. पुढे बसच्या आधी कॉफी आली, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. तो म्हणायचा, "काय करून राहिलीस?" आणि ती नाशिकची, तिला दर वेळी हसू यायचं.

"हसतेस काय?"

"काही नाही... पुन्हा म्हण ना."

तो पुन्हा म्हणायचा नाही. कानाच्या पाळ्या लाल करून खिडकीबाहेर बघायचा. एकदा तिच्या हातमोज्यातून बोट बाहेर आलेलं दिसलं, तर त्याने आपले हातमोजे काढून तिच्या मांडीवर ठेवले आणि काहीच झालं नाही अशा थाटात फोन बघत बसला. ते मोजे तिला केवढे तरी मोठे होते. तिने ते दिवसभर काढले नाहीत.

चारुताच्या पीएचडीचा विषय होता लँटर्नफ्लाय नावाचा ठिपकेदार पंखांचा किडा. पेनसिल्व्हेनियातल्या द्राक्षबागांना त्याने भंडावून सोडलं होतं. झाडांमधली विषं पचवणाऱ्या जनुकांची कुटुंबं त्याच्यात वाढली आहेत का, हे तिला शोधायचं होतं. आणि आता उत्तर समोर होतं... कुटुंबांमागून कुटुंबं भरमसाट वाढलेली! तिच्या प्रोफेसरबाई खूश झाल्या. जूनमधल्या कॉन्फरन्सला हेच बोलायचं, असं ठरलं.

एप्रिलमध्ये लॅबच्या मीटिंगमध्ये तिने ते सगळ्यांपुढे मांडलं. सॉफ्टवेअरबद्दल कुणी काही विचारलं तर असावा, म्हणून बाईंनी गुरुनाथलाही बोलावलं होतं. तिची शेवटची स्लाइड आली. तो पुढे वाकून बघत राहिला आणि इंग्रजीत हळूच म्हणाला, की हे आकडे फुगलेले वाटतात. आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली प्रत वेगवेगळी मोजली गेली असेल, तर एकाच जनुकाची दोन जनुकं दिसतात. किड्यात काही वाढलेलं नसेलही.

बाईंनी चष्मा काढला. चारुताला आपले कान तापलेले जाणवले.

कॉरिडॉरमध्ये तो मागून धावत आला.

"चारुता, ऐक ना—"

"सकाळी बसमध्ये शेजारी बसला होतास तू."

"तेव्हा मी आकडे पाहिले नव्हते. आत्ता पाहिले आणि... तोंडातून निघूनच गेलं."

"मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस, गुरुनाथ. एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून ती आधीची बस पकडू लागली.

तिची रूममेट इला मुंबईची. तिने दोन-चार दिवस हे बघितलं आणि चहा पुढे ठेवत विचारलं, की तो मुलगा चुकीचं बोलला का? चारुताने कप जवळ ओढला.

"नाही ना यार. तोच तर प्रॉब्लेम आहे."

तिने सगळी मोजणी पुन्हा करायला घेतली. मोजणीतच चूक असणार हे धरून हिशेब करायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ती कशी वापरायची ते समजून घ्यायला तिने माहितीची पानं उघडली. गुरुनाथनेच लिहिलेली होती ती. इतकी सोपी, इतकी धीराने लिहिलेली, की वाचताना त्याचा आवाज ऐकू यावा. एके ठिकाणी त्याने लिहिलं होतं : या टप्प्यावर तुमचे बहुतेक निकाल नाहीसे होतील. वाईट वाटेल. जे उरेल त्यावर मात्र विश्वास ठेवा.

तसंच झालं. फुगलेली कुटुंबं एकेक करून नेहमीच्या आकारावर आली. चारुता जेवायचं विसरायची, इला ताट वाढून हाक मारायची. बाहेर झाडांना पालवी फुटली होती, आणि आधीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामीच असायची.

शेवटी एक कुटुंब उरलं. छोटंसं. तिने चूक जास्तीत जास्त धरून पाहिली, वेगळ्या प्रयोगशाळेने वाचलेला जीनोम घेऊन पाहिला, तरी ते हललं नाही. त्या किड्याच्या फांदीवर ते खरोखरच वाढलेलं होतं.

ती बाईंकडे गेलीच नाही. लॅपटॉप उघडाच हातात धरून थेट गुरुनाथच्या ऑफिसात गेली. आणि दारातच थबकली. शेल्फ रिकामं होतं. पुस्तकं खोक्यांत.

"कुठे चाललास?"

"चँडलर. ॲरिझोना. इथली ग्रँट संपली, तिकडच्या चिप कंपनीत जॉब मिळालाय. शनिवारी निघतोय, ड्राइव्ह करत."

"आणि मला सांगणार नव्हतास?"

"रोज नेहमीच्याच बसने जात होतो," तो म्हणाला. "वाटायचं, एखाद्या दिवशी तू असशील."

तिने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. तो खाली बसला आणि एकेक आकडा बघू लागला. किती वेळ बघत होता! खिडकीतून ऊन त्याच्या मनगटावर आलं होतं आणि ती तेवढंच बघत होती.

"हे खरं आहे," शेवटी तो म्हणाला. मग स्क्रीनवरून नजर काढून, "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तुझा चेहरा... मला विसरता येत नाही तो. सॉरी, चारुता."

"बोलला नसतास तर मी जूनमध्ये हजार लोकांपुढे खोटं बोलले असते," ती म्हणाली. "राग कधीच गेला होता. यायला मात्र जमत नव्हतं."

बाईंना ते एक कुटुंब पुरलं. भाषण छोटं करू, पण करू, असं त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी गुरुनाथ गाडीत शेवटचं खोकं ठेवत होता, तेव्हा चारुता पाठीवर छोटी सॅक घेऊन आली.

"मी कोलंबसपर्यंत येते. तिथून बसने परत."

"पाच-सहा तासांचा रस्ता आहे गं."

"माहिती आहे. म्हणून तर येते."

तो हसला नाही. त्याने पुढच्या सीटवरची उशी मागे टाकली आणि तिच्यासाठी दार उघडलं.

डोंगर मागे पडले, ओहायोची सपाट हिरवी शेतं सुरू झाली. दोघं जन्मभराचं बोलल्यासारखी बोलत होती. शाळा, भांडणं, नागपूरचा उन्हाळा, ती पीएचडीनंतर काय करणार... तिची दोन वर्षं उरली होती. वाटेत कॉफीसाठी थांबली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, हातात कप असल्यामुळे तिला ते सावरता येईनात. त्याने हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला.

"थांबलास का?" तिने विचारलं.

त्याने केस अलगद तिच्या कानामागे सारले. हात लगेच काढून घेतला नाही.

"चारुता... मला तू फार आवडतेस. पहिल्या दिवसापासून. आणि मी आता दोन हजार मैल लांब जातोय, म्हणून बोलावं की नाही—"

"मलाही," ती म्हणाली.

"काय?"

"मलाही तू आवडतोस. दोन हजार मैल धरून."

कोलंबसच्या बसस्टँडवर गाडी लावल्यावर दोघंही बराच वेळ उतरली नाहीत. तिचा हात त्याच्या हातात होता. बस लागली तेव्हा ती म्हणाली, "उद्या आईचा फोन येईल. मी तिला तुझं नाव सांगणार आहे."

"आणखी काय सांगशील?"

"नाव फक्त. बाकीचं तू सांगायचंस. डिसेंबरमध्ये मी नाशिकला जाणार आहे."

ती बसमध्ये चढली. खिडकीतून तिने हात हलवला, तर तो खाली मान घालून फोनमध्ये काहीतरी टाइप करत होता. तिला किंचित राग आला, हसूही आलं. बस वळली आणि तो दिसेनासा झाला.

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन थरथरला.

'डिसेंबरमध्ये नागपूरहून नाशिकला सकाळी पोचणारी गाडी कुठली गं? आई-बाबाही येतील बरोबर.'