गिअर कडक आहे म्हणे!

प्रांजलने मान वर केली तेव्हा एक मुलगा गॅरेजसमोर, भर रस्त्यात, मोटारसायकलशी भांडत होता. मागे बस, बसमागे तीन रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न… आणि हा आपला बुटाने गिअर दाबतोय. खट्… खट्… न्यूट्रल काही सापडेना!

“अरे, बंद कर आणि ढकलत आण!” ती हातातला पाना नाचवत ओरडली.

तो आला. घामाघूम, केस कपाळावर, आणि डोळे… जाऊ दे, डोळ्यांचं नंतर.

“गिअर कडक झालाय,” तो म्हणाला. “पंधरा दिवस. मुलुंडहून पवईला ऑफिसात पोचेपर्यंत पायाची वाट लागते. मेकॅनिक कुठायत?”

“समोर.”

त्याने तिच्या खांद्यावरून आत डोकावलं. “समोर कुठे?”

“अजून जरा अलीकडे बघ.”

तो चक्क लाजला. नाव यज्ञेश. लाजणारा मुलगा प्रांजलने वीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिला.

गॅरेज तिच्या बाबांचं, धोंडू परबांचं. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून अख्खा मुलुंड त्यांना ओळखायचा. आताही ते स्टुलावरून न उठताच म्हणाले, “आयकलंय मी. ह्याचो गिअरबॉक्स खोलूचोच लागतलो.”

“बाबा, मी न खोलता शोधते.”

“आणि चुकलंस तर?”

“तर गिऱ्हाइकाच्या गाडीला परत हात लावणार नाही!”

बोलून तर गेली… दोन वर्षं बाबांच्या मागे लागून तिने हातात पाना मिळवला होता. आता तोच पणाला!

तिने चेन पाहिली, ऑइल पाहिलं, क्लचची केबल पाहिली. सगळं ठीक. मग स्वतः बसून चौकापर्यंत फेरी मारली. गिअर पडतोय लोण्यासारखा! परत येऊन गाडी यज्ञेशला दिली, आणि त्याने पहिला टाकला. खट्!

“गाडीला तू आवडत नाहीस वाटतं,” प्रांजल म्हणाली.

“मग कोण आवडतं?”

“आता फेरी मारून आली ना, ती. चल, चालव. मी मागे बसते.”

ती मागे बसली. मध्ये वीतभर अंतर, नीट मोजून. भुरभुर पाऊस होता. त्याच्या मानेवर थेंब जमत होते आणि प्रांजल ठरवून ते न बघता त्याचा डावा हात बघत होती. दुसरा गिअर आला, हाताने क्लच अर्धाच दाबला, आणि खांदा किंचित आखडला. तिसरा. पुन्हा तसंच…

“थांब. हात दाखव.”

“भविष्य सांगणार?”

“दाखव रे!”

तळवा लाललाल सुजलेला. दोन फोड फुटलेले.

“ढोल?” तिने हळूच विचारलं.

“पथकात आहे,” तो खाली बघत म्हणाला. “उजव्या हातात टिपरू, डाव्याने थाप. यंदा पहिल्यांदाच पुढच्या रांगेत घेतलंय. बारा दिवसांवर गणपती… कुणाला सांगितलं असतं तर काढलंच असतं बाहेर.”

प्रांजल खळखळून हसली. “हात दुखतो म्हणून तू क्लच पूर्ण दाबत नाहीस. क्लच सुटत नाही म्हणून गिअर अडतो. अरे, गाडी ठणठणीत आहे, मालकच सर्व्हिसिंगला हवाय!”

गॅरेजात परतल्यावर तिने बाबांनाच गाडीवर बसवलं. गिअर अलगद पडले. एक, दोन, तीन. मग तिने यज्ञेशचा तळवा त्यांच्यापुढे धरला. बाबांनी फुटलेले फोड निरखून पाहिले.

“आवाज आयकलंय मी,” शेवटी ते म्हणाले, “हात बघूक नाय. उद्यापासून पयली गाडी तुझी, गो.”

तिला तिथेच नाचावंसं वाटलं! पण आधी तिने केबलला तेल दिलं, क्लच थोडासा दाबला तरी सुटेल असा लावला, आणि त्याच्या तळव्याला पट्टी बांधली.

“चार दिवस ढोल नाही. पथकात खरं सांगायचं. ऐकशील?”

“गाडी दिली की तुझ्या हातात.”

“गाडीचं कुठे विचारलं…”

पट्टी बांधून झाली होती. तरी हात कुणीच काढून घेतला नाही.

त्याने ऐकलं. चार दिवस बसला, आणि तरीही गणपतीला पुढच्याच रांगेत होता. गर्दीत प्रांजल दिसली तेव्हा त्याची एक थाप चुकली, हे फक्त दोघांनाच माहीत.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो हजर. तळवा पुढे केलेला, अगदी बरा.

“क्लच पूर्वीसारखा करून दे.”

“बाकी काही तक्रार?”

“आहे एक. मागची सीट फार… म्हणजे, मागे कुणी…”

“सरळ म्हण ना. प्रांजल, तू मला आवडतेस.”

“प्रांजल… तू मला आवडतेस.”

“झकास. मलाही तू आवडतोस. चावी दे.”

“कशाला?”

“गोराईच्या किनाऱ्यावर जाऊ. मी चालवते. तू बस मागे.”

तो बसला. आज वीतभर अंतर मोजायचं दोघंही विसरले. प्रांजलने क्लच पूर्ण दाबला आणि पहिला गिअर टाकला, इतका अलगद, की आत कान देऊन बसलेल्या बाबांना ती निघाल्याचं कळलंसुद्धा नाही.