कडेवरचा पिवळा दिवा

दोष कॉलिन स्ट्रॅकनचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हकोपा काका ही गोष्ट सांगतो तेव्हा आधी वाऱ्याला दोष देतो, मग वाळूला, मग नशिबाला, आणि कॉलिनवर येईपर्यंत ऐकणाऱ्यांचा चहा गार झालेला असतो. म्हाताऱ्यांचं असंच. एकमेकांचं झाकायचं आणि त्याला मैत्री म्हणायचं.

हकोपा ही गोष्ट सांगतो धुरीघरात, अंधार पडल्यावर. माशांना धूर लागायला वेळ लागतो आणि पोरांना घरी जायची घाई नसते. "माझ्या ओळखीच्या एका माणसाची गोष्ट आहे," अशी सुरुवात करतो. ओळखीचा म्हणे. दोघांची उभी हयात एकाच पाण्यात कमरेइतकं उभं राहण्यात गेली.

मे महिन्याचा शेवटचा शुक्रवार, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याचं तोंड. अमावास्येची रात्र. झाडं बोडकी झालेली, दक्षिणेच्या डोंगरावर पहिलं बर्फ, आणि तळ्यातले ट्राउट मासे अंडी घालायला ओढ्यात चढू लागलेले. काम साधं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवीच्या दगडावरचं कापड काढायचं होतं. माणूस मातीत गेला की वर्षभरानं त्याचा दगड बसवतात, सगळ्यांसमोर त्यावरचं कापड ओढतात, रडतात आणि मग जेवतात. रेवीच्या बायकोनं, नायरीनं, कॉलिनकडे एकच मागणं केलं होतं. पंगतीत धुरी दिलेला एक मोठा ट्राउट असावा, रेवीला आवडायचा. दुकानात तो मिळत नाही, विकायला कायद्यानंच बंदी. हवा असेल तर पकडायचा, नाहीतर कुणीतरी आणून द्यावा लागतो.

"तूच आण," नायरी म्हणाली होती. "शेवटी तूच त्याच्या शेजारी होतास."

कॉलिन हो म्हणाला. शेजारी तो होताच.

ओढा तळ्याला मिळतो तिथं पाण्याखाली वाळूचा रुंद ओटा आहे. कमरेइतकं पाणी, आणि मग एकदम कड. कडेपलीकडे दोन पुरुष पाणी. रात्री मासे त्या कडेशी लागतात, म्हणून माणसं छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून ओळीनं उभी राहतात आणि काळोखात गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी फेकतात. माशीच्या अंगाला एक धागा गुंडाळलेला असतो. त्याला बॅटरीचा उजेड पाजला की तो थोडा वेळ हिरवा चमकतो, मग विझतो. ज्याची त्याची माशी वेगळी. रेवीच्या माशीला शेपटी म्हणून नातीच्या मोज्याची लाल लोकर असायची, त्यामुळे ती शंभरात ओळखू यायची.

या ओळीचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण मोडणाऱ्याला पुन्हा कुणी जागा देत नाही. पाण्यावर दिवा पाडायचा नाही, मासे पांगतात. माशीला उजेड पाजायचा तोही पाण्याकडे पाठ करून, कोटाच्या आत. आणि ज्याला मासा लागला त्यानं बाहेर जाऊन तो ठेवायचा आणि परत येऊन ओळीच्या शेवटी उभं राहायचं. नव्या माणसानंही शेवटीच. शेवटची जागा कडेला सगळ्यांत जवळ. आमची वाळू पाण्यावर तरंगणाऱ्या हलक्या दगडाची, कड कधीमधी ढासळते. हे सगळ्यांना माहीत आहे.

आदल्या वर्षी, याच दिवसांत, शेवटच्या जागी रेवी होता. बाकीच्यांच्या कपाळावरचे दिवे पांढरे झाले तरी त्यानं आपला जुना पिवळा सोडला नव्हता. मध्येच तो दिवा लागला आणि पाण्यावर पडला. पायाखाली काय सरकतंय ते त्याला बघायचं असणार. नेमका तेव्हाच कॉलिनच्या माशीला झटका बसला होता.

"दिवा बंद कर," कॉलिन खेकसला.

"बरं, कॉल," रेवी म्हणाला. गरीब माणूस. दिवा विझला.

निघायच्या वेळी ओळीत एक माणूस कमी होता.

पोलिसांना कॉलिननं सांगितलं, पाय घसरला असेल, आपण काही पाहिलं नाही. ते खरंच होतं, अंधारात काय दिसणार. ओरडल्याचं मात्र तो बोलला नाही. ओळीतले बाकीचे म्हातारेही बोलले नाहीत. त्यांत हकोपा होता. गोष्ट सांगताना एवढं वाक्य तो चुलीत लाकूड सारता सारता उरकतो.

तर त्या शुक्रवारी पाण्यात तिघंच होते. किनाऱ्याच्या बाजूला हकोपा, मध्ये कॉलिन, आणि शेवटी कॉलिनचा पोरगा लॉकलन. एकुलता एक. आई गेल्यापासून तो वेलिंग्टनहून क्वचितच यायचा, आला तो रेवीसाठी. दोरीच्या गाठी त्याला बापानं नव्हे, रेवीनं शिकवल्या होत्या. कॉलिननंच त्याला पाण्यावर चल म्हटलं. पोराला पुन्हा ओळीत उभं बघायचं होतं त्याला. तेवढंच हवं होतं, असं तो हकोपाला जाताना म्हणाला.

हकोपानं लॉकलनच्या कोऱ्या करकरीत विजारीवरून त्याची खूप खेचली. ऑफिसातला माणूस तू, माशाला आधी अर्ज करणार का, आणि साहेबाची सही लागेल का, असं काहीबाही. लॉकलन म्हणाला की अर्ज दिलाय, पण तुमच्यासारखे म्हातारे वाटेत उभे असले की फाईल पुढं सरकत नाही. हसले तिघंही. पाण्यावर आवाज लांब जातो. हसणं परत आलं तेव्हा जरा उशिरा आलं, असं हकोपा म्हणतो. पण तो असं काहीही म्हणतो.

मासा कॉलिनला लवकर लागला. भलाथोरला नर, जबडा आकड्यासारखा वळलेला. कॉलिननं तो बाहेर नेला, ओल्या गवतात ठेवला, वर पोतं टाकलं. काम झालं होतं. घरी जाता आलं असतं. पण पोराला अजून एकही लागला नव्हता.

कॉलिन परत पाण्यात आला आणि मधल्या आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

"कॉल," हकोपा हळूच म्हणाला, "तुझी जागा आता तिकडे. शेवटी."

कॉलिननं ऐकू न आल्यासारखं केलं. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम शिकवणारा माणूस. ती रेवीची जागा होती आणि तिथं उभं राहायची त्याची छाती नव्हती, एवढंच. म्हणून तिथं पोरगा उभा राहिला. हकोपानंही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

वारा पडला.

ओढ्याचा आवाज तेवढा येत होता. आणि दोऱ्या हवेत फिरल्याचा. सूं... सूं. हकोपाची. कॉलिनची. लॉकलनची. आणि त्यानंतर, लॉकलनच्याही पलीकडून, आणखी एक.

कॉलिननं हात थांबवला. हकोपानंही थांबवला. लॉकलननं दोरी गोळा केली, तेही ऐकू आलं.

सूं...

पलीकडे कडेपुढचं पाणी. तिथं उभं राहायला काही नाही.

मग दिवा लागला.

कॉलिनच्या डाव्या हाताला, लॉकलन होता त्याच रोखानं. पाण्यावर सरळ पडला. कॉलिनच्या तोंडून शब्द सुटले ते विचार करून नव्हेत. जित्याची खोड. वर्षभर रात्री उठून बसला असेल, पण खोड गेली नव्हती.

"दिवा बंद कर!"

दिवा पिवळा होता, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

"बरं, कॉल."

दिवा विझला.

लॉकलन बापाला कॉल म्हणत नसे. बाबा म्हणत असे.

मग लॉकलनचा आवाज आला, अगदी जवळून, अगदी हळू.

"बाबा... मी नाही लावला दिवा."

कॉलिननं काठी घट्ट धरली.

"बाबा, माझ्या पलीकडे कुणीतरी आहे."

पाणी हललं. ओढ्याचं नव्हे. कडेकडून आलेली एक छोटी लाट कॉलिनच्या कमरेला लागली. मग दुसरी.

"वाळू सरकतेय पायाखालची." आणि मग, लहान मूल विचारतं तसं, "लावू का दिवा?"

लाव. एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. बापाला नुसता हात पुढं करता आला असता, पोरगा काठीभर अंतरावर होता. पण दिवा लागला तर दिसणार होतं. पलीकडे कोण उभं आहे ते दिसणार होतं, त्याचं तोंड दिसणार होतं, आणि ते बघायचं नव्हतं कॉलिनला. त्यानं डोळे मिटून घेतले. काळोखात. आपण डोळे मिटले होते, हे त्यानंच नंतर हकोपाला सांगितलं.

"बाबा?"

...

"बाबा, लावू?"

...

नंतर काही ऐकू आलं नाही. किंकाळी नाही, धडपड नाही. वाळू बसताना होतो तसा आवाज. साखरेचं पोतं कलंडल्यासारखा. बस.

दिवा शेवटी हकोपानं लावला. पांढरा झोत ओळीवरून फिरला. तो स्वतः. मग कॉलिन, डोळे मिटलेला, काठी हातात घट्ट धरून. मग पाणी.

कड कॉलिनच्या पावलांपर्यंत येऊन थांबली होती.

लॉकलन उजाडल्यावर मिळाला. नावेतून आणून त्याला गवतावर ठेवलं, वर ताडपत्री घातली. पलीकडे पोत्याखाली कॉलिनचा मासा तसाच पडलेला. नायरी कापडाच्या कार्यक्रमासाठी काळे कपडे घालून निघाली होती, ती तशीच तळ्यावर आली. कॉलिननं तिच्याकडे पाहिलं आणि आदल्या वर्षीचं सगळं सांगितलं. ओरडल्याचं, बरं कॉल म्हटल्याचं, सगळं. कुणी विचारलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं, ताडपत्री पोराच्या पायांवर नीट ओढली आणि गेली. दगडावरचं कापड त्या दिवशी निघालं नाही. मासा शेवटी पाणपाखरांनी खाल्ला.

लॉकलनचा कपाळावरचा दिवा बंद होता. पोलिसांनी बटण दाबून पाहिलं, लगेच लागला. बॅटरी भरलेली. पोरानं तो लावलाच नव्हता. परवानगी मिळाली नव्हती ना.

न्यायला गाडी आली तेव्हा ताडपत्री उचलायला एका बाजूनं हकोपा वाकला. आत अंधार होता. आणि त्या अंधारात काहीतरी हिरवं दिसत होतं. लॉकलनच्या कोटाच्या कॉलरमध्ये, मागच्या बाजूला, एक माशी रुतून बसली होती. कुणी मागून धरून ओढावं तशी कॉलर ताणलेली. शेपटीला लाल लोकर. आणि अंगावरचा धागा लख्ख चमकत होता, नुकताच उजेड पाजल्यासारखा.

एवढं झालं की हकोपा उठतो आणि धुरीघराचं दार आतून लावून घेतो. एकदा एका पोरीनं विचारलं होतं, काका, उजेड पाजल्यावर माशी चमकते किती वेळ?

"चहा पिऊन होईपर्यंत," हकोपा म्हणाला. मग वळून त्यानं चुलीत लाकूड सारलं.

माशी नायरीकडे आहे. आता चमकत नाही. कॉलिन अजून तळ्याजवळच राहतो, रात्री घरातले सगळे दिवे लावून.

त्याला मुलगा एकच होता.