काकडीच्या वेलांवरचं कापड

माघातली सकाळ होती, पानांवर दव होतं, तेव्हा धनेश पडघ्याजवळच्या त्या शेतात पहिल्यांदा आला. काकडीची रोपं नुकती चार पानांवर आली होती. नेत्रा वाकून पानांवरचे लाल भुंगे वेचत होती आणि साबणाच्या पाण्यात टाकत होती. थंडीत ते सुस्त असतात, चटकन उडत नाहीत.

"बांधावरूनच या," ती मान वर न करता म्हणाली. "रोप पायाखाली येईल."

तो थांबला. तिने वर पाहिलं. तिच्या नाकाला राख लागली होती. ते सांगावं की नको, या विचारात तो पडला — आणि कशासाठी आलो तेच सांगायचं राहून गेलं.

ते तिला वडिलांकडून कळलं. धनेशच्या घरचा धंदा जमिनी घेऊन गोडाऊन बांधण्याचा. दोन वर्षं भुंग्यांनी काकडीचे कोवळे वेल खाल्ले होते, आणि तिचे वडील, काळूराम, थकले होते.

"याही टायमाला वेल गेला तर जमीन देऊन टाकायची," ते म्हणाले. "माझ्यात आता दम न्हाय."

विषारी औषध मारायला नेत्रा तयार नव्हती. त्याने भुंग्यांबरोबर मधमाश्याही मरतात. सकाळी दवावर राख, संध्याकाळी निंबोळीचा अर्क, सगळं ती करत होती. तरी शेजारच्या रानातून भुंगे येतच राहिले.

त्याच आठवड्यात धनेश पुन्हा आला. मोजणीची टेप गाडीतच ठेवून त्याने पातळ पांढऱ्या कापडाचा गठ्ठा उतरवला. निजामपुऱ्यात त्याच्या मामाचे लूम होते; विणीत खोट राहिलेलं कापड तिथे पडून असे.

"हे वेलांवर टाकलं तर? ऊन जाईल, हवा जाईल... भुंगा नाही जाणार."

"आणि तुमचं गोडाऊन?"

"ते बघू नंतर."

"असं नको," ती शांतपणे म्हणाली. "माझ्याकडे बघून जमीन सोडू नका. वेल बघून सोडा."

"दोन्हीकडे बघायला मनाई आहे का?"

 ती बांबूच्या पट्ट्या आणायला वळली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

दोघांनी पट्ट्या वाकवून कमानी रोवल्या, त्यांवर कापड ताणलं, कडा मातीने दाबल्या. मग कापड नीट आहे ना, हे बघायला तो येतच राहिला. एकदा काम करता करता त्याने तिला सांगितलं, की त्यांची खाडीकाठची भातशेती आज गोडाऊनखाली आहे. आजी जेवण घेऊन कुठल्या बांधावर बसायची, ते शोधायला गेलो तर जागाच सापडली नाही.  नेत्राने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे केला.

फुलं धरली तशी तिने कापड काढायला लावलं. मधमाश्या आल्याशिवाय काकडी कुठली? भुंगे आले, थोडी पानं चाळणी झाली, पण वेल आता दांडगे झाले होते, त्यांना फरक पडला नाही. पहिली काकडी काळूरामांनी उभ्याउभ्याच खाल्ली. मग धनेशला म्हणाले, "जमीन देत न्हाय मी. वाईट वाटून घेऊ नको."

धनेशला मुळीच वाईट वाटलं नाही.

ते घरात गेल्यावर दोघं धुतलेल्या कापडाच्या घड्या घालू लागले. दोन टोकांना दोघं. प्रत्येक घडीला एकमेकांजवळ यावं लागत होतं.

"आम्ही आगरी, तुम्ही कुणबी," तो हळूच म्हणाला. "दोन्ही घरांत बोलणी खावी लागतील."

"खाऊ."

"म्हणजे... तू—"

नेत्राने आपली टोकं त्याच्या हातात दिली, पण बोटं सोडवून घेतली नाहीत.

"रविवारी तुझ्या आईला घेऊन ये," ती म्हणाली. "माझ्या आईला मी आजच सांगते."

त्याने मान हलवली. मग बराच वेळ त्याला पुढची घडी कशी घालायची तेच सुचेना.